नवऱ्याने गुपचूप दुसरी उचल घेतली, तर तो विश्वासघात प्रेक्षकाला लागणार कसा?

तुझा प्रश्न आणि तुझ्या छोट्या वेब मालिकेची वनलाइन, म्हणजे कथेचा थोडक्यात आराखडा, दोन्ही वाचलं. आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते स्पष्ट राहील. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं ऊसतोड जोडपं, लग्नाला अकरा वर्षं, एक मुलगी. दरवर्षी टोळीसोबत कोल्हापूरकडं जातात. एका मुकादमाची, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराची उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, जी ऊस तोडून फेडायची) घेतलेली असताना नवरा दुसऱ्या मुकादमाकडून अजून ५० हजार उचलतो आणि बायकोला सांगत नाही, मालिकेच्या मध्यावर तिला कळतं. तू हे मैत्रिणींना वाचून दाखवलंस तर त्या म्हणाल्या "मग काय झालं ताई, घरासाठीच घेतले ना, बाई तर नाही ठेवली". आता तू विचारतेस की विश्वासघात मोठा दिसावा म्हणून त्याचं बाहेर एखादं लफडं टाकू का, आणि शेवटी तिने माफ करावं का सोडून जावं.

लफडं टाकू नको. हे आधीच सांगते कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. मी मूळची अंबाजोगाईची, बरीच वर्षं मालिकांच्या पटकथा आणि संवाद लिहिते, आणि विश्वासघात लागत नाही तेव्हा बहुतेक वेळा गडबड त्या सीनच्या कितीतरी आधी झालेली असते, कारण त्या दोघांमध्ये ठरलं काय होतं हेच प्रेक्षकाला माहीत नसतं, मग मोडलं काय ते कळणार कसं. तुझ्या वनलाइनमध्ये लिहिलंयस "दोघांचं एकमेकांवर खूप प्रेम आणि विश्वास आहे". हे वाक्य शूट कसं करणार? डायरेक्टरच्या हातात काय देणार? दोघांमधला ठराव मात्र शूट करता येतो. पैशाबद्दल काय ठरलंय, दारूबद्दल काय, तिच्या माहेराबद्दल काय, पोरीच्या शाळेबद्दल काय. असे चार ठराव उभे कर आणि त्यातला एकच मोडू दे, बाकीचे तीन त्याने शेवटपर्यंत पाळू दे. तो पीत नाही, हात उचलत नाही, बायकोच्या आईच्या औषधाला न मागता पैसे देतो, हे सगळं खरंच राहू दे. मग त्याला वाईट माणूस म्हणून एका फटक्यात निकालात काढता येत नाही आणि बघणारी बाई अडकून बसते, तिला तो आवडतो पण आणि त्याचा राग पण येतो.

आता मैत्रिणींचं "मग काय झालं". त्यांची चूक नाही, त्यांना ५० हजार म्हणजे पैसे दिसले. टोळीतल्या बाईला ते पैसे दिसत नाहीत, दिवस दिसतात. उचल नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते, जोडी म्हणजे एक कोयता, पण नोटा मोजून दिल्या जातात नवऱ्याच्या हातात आणि फेडायच्या असतात दोघांच्या अंगाने. तूच हिशोब कर. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. टनाला साडेतीनशे धर, दोन टन धर, दिवसाचे सातशे झाले. ५० हजार फिटायला सत्तरच्या वर दिवस, तेही पोटाला एक रुपया न खर्च करता, एकही खाडा, म्हणजे कामाला सुट्टी न होता. आणि खाडा झाला तर पैसे कापतात. म्हणजे त्याने तिला न विचारता तिचे सत्तर दिवस दुसऱ्याला लिहून दिलेत, पहाटेच्या थंडीतले, पाळीतले, अंगात ताप असतानाचे. हे एकदा बघणाऱ्याच्या डोक्यात बसलं की पुण्यात सोफ्यावर बसलेल्या बाईला पण लागेल, बाईबिई काही ठेवायची गरज नाही.

पण हे बसवायचं कधी तर विश्वासघाताच्या आधी. पहिली उचल घेतानाचा एक निवांत सीन लिही, दसऱ्याच्या आसपासचा, रात्री दोघं बसून ठरवतायत किती घ्यायची. ती बोटं मोजत, पोरीचे कपडे, पत्र्याचं काम, दिराच्या लग्नाचं राहिलेलं देणं, आणि मग म्हणते येवढीच घ्यायची, जास्ती घेतली तर फिटत नाही. तो चेष्टा करतो, तू मुकादमीण व्हायला पाहिजे व्हतीस. दोघं हसतात. या सीनमध्ये भांडण नको, रडणं नको, बॅकग्राउंडला बासरी पण नको. प्रेक्षकाला नकळत शिकवायचंय की या घरात आकडा दोघं मिळून ठरवतात आणि रुपयाचे दिवस कसे होतात. नंतर जेव्हा कळेल तेव्हा तिला एक शब्द बोलायची गरज पडणार नाही, प्रेक्षक स्वतःच सत्तर दिवस मोजेल.

अजून एक, हे मला तुझ्या कथेत फार हवंय. नुसते पैसे लपवले एवढ्यावर थांबू नको, त्या पैशांनी कुठलं वचन मोडलं ते ठरव. माझी सूचना अशी की मुलगी यंदा चौथीत आहे आणि त्याने बायकोला शब्द दिलाय की हा हंगाम शेवटचा, पुढच्या साली पाचवीला ती गावात राहून शिकणार, आपण पण गावातच राहायचं, बटईने रान करायचं. हंगामी वसतिगृहं आहेत, गावात आजी असली तर लेकरू आजीपाशी राहतं, ते सगळं खरंय, पण या बाईला लेकरू सोडून जायचं नाहीये, एकदा सोडून बघितलंय आणि तिला ते झेपलं नाही. दुसऱ्या मुकादमाची उचल म्हणजे पुढचा हंगाम पण विकला गेला. आता बघ, ५० हजार बाजूला राहिले. त्याने तिचं पुढचं साल विकलं आणि वर रोज रात्री तिच्यासोबत त्याच सालाच्या गप्पा मारत राहिला, कुठं बोर घ्यायचा, शाळेत किती वाजता सोडायचं. मला विचारशील तर या गप्पाच सगळ्यात जास्त टोचतील, उचलीपेक्षा जास्त.

आता तो असं का करतो. इथं बरेच नवीन लिहिणारे ट्विस्टच्या नादात माणूसच बदलून टाकतात, कालपर्यंत चांगला आणि आज एकदम खलनायक. २०१८ ला झी मराठीवर 'तुला पाहते रे' आली होती ती तू बघितली असशील, ईशा निमकर साध्या घरातली कोवळी पोरगी आणि विक्रांत सरंजामे चाळिशीतला सभ्य उद्योगपती. महिनोन्महिने आपण त्या माणसाच्या सभ्यपणावर जीव टाकला, सुबोध भावेंचा चेहरा होता म्हणून अजूनच, आणि लग्नानंतर कळलं की हा मुळात गजा पाटील, पहिल्या बायकोला, राजनंदिनीला मारणारा हाच. माझ्या ओळखीतल्या बायका तेव्हा खऱ्याखुऱ्या चिडल्या होत्या, घरातल्या माणसाने फसवल्यासारख्या. एवढ्या घराघरात राग निर्माण करणं ही लहान गोष्ट नाही, ते जमलं होतं. पण पुढे ईशाच राजनंदिनीचा पुनर्जन्म आहे असं आलं आणि सत्य तिला मागच्या जन्मातून मिळालं, तिथं माझ्या मते त्या नात्याची धार गेली, कारण फसवली गेलेली बाई स्वतःच्या डोळ्यांनी बघून, स्वतःच्या अकलेने जोडून शोधते तेव्हा तिच्या दुःखात तिची ताकद पण दिसते. तुझी नायिका आकडेमोडीत हुशार आहे ना, मग तिला तिच्या आकडेमोडीनेच कळू दे.

आणि नवऱ्याच्या बाबतीत माझा नियम असा की ज्या गुणावर आपण त्याच्यावर प्रेम केलं त्याच गुणातून विश्वासघात निघाला पाहिजे. तुझा नायक बायकोला त्रास नको म्हणून गोष्टी स्वतःपाशी ठेवणारा आहे. मग हे दुसऱ्या-तिसऱ्या एपिसोडपासूनच दाखव. गावाकडून फोन येतो की तिचा बाप दवाखान्यात आहे, तो तिला म्हणतो काही नाही, तुझ्या भावाचा व्हता, खुशाली विचारली. चार दिवसांनी बाप घरी आल्यावर सांगतो. ती रागावते, मग पदराने डोळे पुसून म्हणते बरं केलं, मी उसाच्या फडात कोयता धरू शकले नसते. प्रेक्षक पण म्हणतो किती जपतो तिला. झालं, आपण सगळ्यांनी मिळून त्याला खोटं बोलायची परवानगी दिली. पुढं त्याच सवयीने तो उचल लपवतो आणि त्याच आवाजात सांगतो "तुला ताण नको म्हणून". तेव्हा बघणाऱ्याला तो आधीचा फोन आठवला पाहिजे. इथं फ्लॅशबॅक दाखवू नको, चॅनेलवाले म्हणतील दाखवा, तू एकदा तरी भांडून बघ.

पैसे कशाला लागले ते पण पक्कं कर. बहिणीच्या नवऱ्याने हुंड्याचं राहिलेलं मागितलं, बहिणीला माघारी पाठवायची धमकी दिली, असं काहीतरी, जे बायकोला सांगितलं असतं तर कदाचित तिने स्वतः हो म्हटलं असतं. हे फार महत्त्वाचं. ती नंतर त्याला म्हणू शकते, मी नाही म्हणले असते का? आणि याला त्याच्यापाशी उत्तर नाही.

आता कळणार कसं आणि कुणाला आधी. 'माझ्या नवऱ्याची बायको' मध्ये गुरुनाथ आणि शनायाचं आपल्याला सुरुवातीपासून माहीत, राधिकालाच माहीत नाही, आणि आपण रोज वाट बघायचो की आज कळतंय का उद्या. ती पद्धत डेली सोपला जमते, सोमवार ते शनिवार रोज बावीसेक मिनिटं भरायची असतात, गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, त्यात प्रेक्षकाला पुढं आणि नायिकेला मागं ठेवलं की ताण आपोआप टिकतो. धोका एकच, फार ताणलं की नायिका बावळट दिसायला लागते. तुझी छोटी वेब मालिका आहे, तुला ते ओढत न्यायची गरज नाही. प्रेक्षकाला एक एपिसोड आधी कळू दे, बस. आणि खरं सांगू, आपल्याकडं नवरा-बायकोच्या आधी टोळीला कळतं. फडात, पाण्यावर, वाढं (उसाचे शेंडे) बांधताना बायकांच्या तोंडून गोष्ट फिरते, फक्त जिची आहे तिच्यापर्यंत येत नाही, ती आली की विषय बदलतो. हे दाखव. एखादी जवळची बाई, जिच्यासोबत ती रोज जेवते, ती नजर टाळते. म्हणजे नंतर तिला दोन गोष्टी एकदम कळतील, नवऱ्याने लपवलं ही एक आणि सगळ्यांना माहीत होतं ही दुसरी. दुसरीची जखम पुष्कळदा जास्त खोल असते, कारण नवऱ्यावर रागावता येतं, अख्ख्या टोळीवर कशी रागावणार, उद्या त्यांच्यासोबतच मोळ्या भरायच्यात.

प्रत्यक्ष कळण्याचा सीन मी असा लिहीन. दुसरा मुकादम मोटारसायकलवर फडात येतो, पुढच्या सालासाठी माणसं धरतोय. नवरा गाडी भरायला गेलाय, ती एकटी आहे. तो अगदी साधेपणाने म्हणतो, वहिनी, तुमची जोडी धरलीय बरं का, वहीत नाव हाय. त्याला वाटतं तिला माहीत आहे. आणि ती, आतून सगळं हललेलं असताना, परक्या माणसासमोर नवऱ्याची इज्जत जाऊ नये म्हणून म्हणते, हो, धरा की. इथं मला तुझ्या नायिकेबद्दल प्रचंड आदर वाटेल. तिला नुकतं कळलंय की नवऱ्याने आपल्याला अंधारात ठेवलं आणि पुढच्याच क्षणी ती त्याला झाकते. तिचा विश्वास किती होता हे या एका "हो" मधून दिसतं, कुठल्याही रडण्यातून दिसणार नाही.

मग रात्री कोपीत, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपडीत, पोरगी झोपल्यावर:

"किती घेतले?"

"कशाचे?"

"किती घेतले तेवढं सांगा."

"पन्नास. सांगणारच व्हतो गं तुला."

"कवा? पट्टा पडल्यावर?"

एवढ्यावर सीन तोड. कारखान्याचा पट्टा पडला म्हणजे हंगाम संपला हे आधी दोन-तीनदा सहज बोलण्यात येऊन गेलेलं असलं म्हणजे झालं. तिने ओरडू नये असं माझं म्हणणं नाही, ओरडेल, पण दोन दिवसांनी आणि भलत्याच गोष्टीवरून, मीठ जास्त पडलं म्हणून, पोरीने चप्पल हरवली म्हणून. राग असाच बाहेर येतो. टोळीसमोर थोबाडीत मारणं, वीज चमकणं, तिघांच्या चेहऱ्यावर तीन-तीन वेळा कॅमेरा हे सगळं टाळ.

कळल्यानंतरचे दिवस हा तर खरा खजिना आहे आणि तुझ्या वनलाइनमध्ये तिथं फक्त एक ओळ आहे, "दोघांमध्ये दुरावा येतो". शहरातल्या मालिकेत दुरावा आला की एक जण बेडरूममधून उशी घेऊन बाहेर जातो. कोपीत कुठं जाणार? आणि सकाळी दोघांनी एकाच सरीत वाकायचंय. तो तोडतो, ती पाचट काढून मोळी बांधते, एकाचा हात थांबला की दुसऱ्याचं काम अडतं. गाडी भरताना डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून चढायचं असतं, तिथं खाली-वर कोण आहे यावर भरवसा लागतो. अबोला आणि असं काम एकत्र दाखव, मी कुठल्याच मालिकेत हे नीट बघितलेलं नाही. तिला बरं नाहीये आणि ती खाडा करत नाही, कारण आता कर्ज किती ते तिला माहीत आहे, आणि तो बघतोय की ती आपल्यामुळं थांबत नाहीये. त्याला याहून मोठी शिक्षा मला सुचत नाही. इथं एक जपून सांगते, बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या ऑपरेशनचा विषय २०१९ ला देशभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती पण नेमली होती. तो विषय केवळ धक्का द्यायला म्हणून मध्येच आणू नको. आणायचा तर पूर्ण जबाबदारीने, त्या बायकांशी बोलून, नाहीतर त्याला हात लावू नको.

माफी का सोडून जाणं. लोक 'आई कुठे काय करते' चं उदाहरण देतील, २०१९ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेली आणि २०२४ पर्यंत चाललेली. अरुंधतीला अनिरुद्ध आणि संजनाचं कळतं तेव्हा लग्नाला पंचवीस वर्षं झालेली असतात, ती शेवटी त्या नात्यातून बाहेर पडते आणि पुढची कितीतरी वर्षं कथा तिच्या उभं राहण्याची होते. लाखो बायकांना त्यातून बळ मिळालं, मी ते जवळून बघितलंय. पण अरुंधतीपाशी गाणं होतं, शहर होतं. तुझ्या नायिकेपाशी कोयता आहे आणि जोडीवरचं कर्ज आहे. तिने घर सोडलं तरी वहीतलं नाव सुटत नाही. म्हणून तिचा निर्णय तिच्याच जगातला असू दे. मला सुचतं ते असं की दसऱ्याला ती सांगते, मी तुमच्यासंगं कोयता धरणार नाही. भावजयीच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून, एकटीच जाईन. मंगळसूत्र तसंच, घर तसंच, पण जोडी मोडली. आता मुकादम अडून बसेल कारण पैसे जोडीवर दिलेत, सासू म्हणेल लोक काय म्हणतील, नवऱ्याला पहिल्यांदा कळेल की आपण नेमकं काय गमावलं. यावर तुझे शेवटचे तीन-चार एपिसोड आरामात उभे राहतील.

आणि ती परत यायची असेल तर त्याने काहीतरी असं करावं ज्यात त्याला स्वतःला झळ बसेल. पाया पडणं, हात जोडणं यात काही खर्च होत नाही. त्याने टोळीसमोर सांगावं की तिला माहीत नव्हतं, त्या दिवशी ती मला झाकत होती. गावात पुरुषाला हे किती जड जातं ते तुला मी सांगायला नको. आणि नवीन उचल घ्यायची वेळ आली तर वही तिच्यासमोर उघडली जाते, पैसे ती मोजते, दोनदा मोजते, तो शेजारी बसून राहतो. ती त्याच्याकडं बघून हसते वगैरे नको. ती कदाचित पुढची दहा वर्षं दोनदाच मोजेल आणि तरी त्याच्यासोबत राहील, खूप संसार असेच चालतात आणि त्यांना मोडलेलं म्हणता येत नाही.

मुकादमाला सपाट खलनायक करू नको एवढं मात्र बघ. त्याने पण कारखान्याकडून वाहतूक ठेकेदारामार्फत आलेले पैसे उचललेले असतात, दोन ठिकाणी उचल घेऊन टोळी पळाली की तो पण बुडतो, त्यातून मारहाण, माणसं डांबून ठेवणं असे प्रकार झालेले आहेत. तुझ्या नायकाने दोन मुकादमांची उचल घेतली म्हणजे त्याने दोन माणसांचा अजून विश्वास मोडलाय हे कुणीतरी त्याला बोलून दाखवलं पाहिजे.

भाषेचं विचारलंयस. बोली ठेवच. "कामून", "कवा", "व्हय", "न्हाई" हे कुणालाही कळतं. केजची बोली आणि उदगीरची "काय करलालास" यांची मिसळ करू नको, आपल्याकडच्या माणसाला लगेच खटकतं. आणि लिहायच्या आधी धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या बाजूला टोळ्या घरी असतात त्या पावसाळ्याच्या दिवसांत जा, बायकांशी बोल, फक्त उचलीचा विषय नवरा समोर असताना काढू नको, एकटीला विचार. पहिले चार एपिसोड लिहून झाले की पाठव, उचल ठरवायचा सीन मला सगळ्यात आधी वाचायचाय.